सहा सेलांच्या जागी दोन

निकेल-कॅडमियमचा एक सेल १.२ व्होल्टचा. असे सहा एकापुढे एक जोडले की ७.२ व्होल्ट होतात. लिथियम-पॉलिमरचा, म्हणजे लायपोचा, एक सेल ३.७ व्होल्टचा. दोन जोडले की ७.४. रिमोटवर पळणाऱ्या गाड्यांच्या दुनियेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मोठी उलथापालथ झाली आणि तीही बिनबोभाट. त्याचं बरंचसं श्रेय या ०.२ व्होल्टच्या फरकाला द्यावं लागेल. नवा पॅक जुन्या खाचेत बसला, जुन्या मोटरलाही चालला, म्हणून लोकांना वाटलं की फक्त बॅटरी बदलली. प्रत्यक्षात बॅटरी आणि मोटर यांच्यातला सगळा कारभारच बदलला होता.

या जोडीची सुरुवात आकाशात झाली. १९५७ साली ब्रिटनमध्ये कर्नल एच. जे. टॅपलिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ नावाचं मॉडेल विमान विजेच्या मोटरवर उडवलं. बॅटरी होती चांदी-जस्ताची. वजनाच्या मानाने ताकद चांगली, पण किंमत सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची. स्वस्त बॅटऱ्या घ्याव्यात तर त्या इतक्या जड की उडण्याची बातच सोडा. त्यामुळे पुढची बरीच वर्षं मॉडेलच्या जगात धुरकट, किंचाळणाऱ्या छोट्या इंजिनांचंच राज्य राहिलं.

जमिनीवर मात्र वजनाची अडचण तेवढी जाचक नव्हती. जपानच्या तामियाने १९७६ साली पोर्शे ९३४ ची विजेवर चालणारी आरसी, म्हणजे रिमोटवरची, गाडी काढली आणि हा छंद घराघरात शिरला. १९८४ च्या ‘हॉर्नेट’ बग्गीच्या काळापर्यंत एक ठरावीक मांडणी रूढ झाली होती : ५४० आकाराची, पत्र्याच्या डबीसारखी मोटर आणि सब-सी आकाराच्या सहा सेलांचा ७.२ व्होल्टचा पॅक. हेच सेल कॉर्डलेस ड्रिलमध्येही जात, त्यामुळे ते भरपूर बनत आणि परवडत.

म्हणजे बॅटरी ठरलेलीच. ती का ठरली हे कोणी विचारत नसे. शर्यतीचे नियमही तिच्याभोवतीच बेतलेले. निवड करायची ती मोटरची, आणि मोटर ओळखली जाई तिच्या वेढ्यांवरून. तांब्याच्या तारेचे २७ वेढे असलेली मोटर सोशिक, नवशिक्यांच्या वर्गातली. वेढे कमी आणि तार जाड केली की मोटर जास्त पळे आणि त्याच हिशेबाने जास्त करंट ओढे. शर्यत चार-पाच मिनिटांची असे. खरी कसोटी ही, की शेवटच्या फेरीत पॅकमध्ये जीव उरतो की नाही. फार कमी वेढ्यांची मोटर लावणारा सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे असे आणि शेवटी कडेला गाडी ढकलत असे.

त्या काळात खरी जुळवाजुळव चाले ती पॅकच्या आत. सहा सेलांतला एक जरी लवकर थकला तरी सगळा पॅक बसे. म्हणून विक्रेते एकेक सेल यंत्रावर रिकामा करून त्याची नोंद घेत, एकसारखे सहा निवडत आणि प्रत्येकावर आकड्यांची चिकटपट्टी लावून चढ्या भावाने विकत. काहीजण सेलला क्षणभर प्रचंड करंटचा झटकाही देत. त्याने आतले जोड घट्ट होऊन सेलचा अंतर्गत रोध घटतो. एका पॅकसाठी एवढी यातायात करायची, कारण बॅटरीचा आकडा बदलण्याची सोयच नव्हती.

मोटरचंही दुखणं होतं. जुन्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या कम्युटेटरवर घासून वीज पोचवतात. घासलं की ठिणगी, ठिणगीमागून काजळी, आणि मग कम्युटेटर लेथवर चढवून पुन्हा गुळगुळीत करायचा. हे ब्रशच काढून टाकण्याचा मार्ग १९६२ साली विल्सन आणि ट्रिकी या अमेरिकन अभियंत्यांनी मांडला : चुंबक फिरता ठेवायचा, वेटोळी स्थिर, आणि वीज कोणत्या वेटोळ्यात जायची हे इलेक्ट्रॉनिक्सने ठरवायचं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत निओडिमियमचे ताकदवान चुंबक तयार झाले. अशा मोटरचा मोठा गिऱ्हाईक ठरला संगणक. हार्ड डिस्क आणि सीडी-ड्राइव्ह फिरवणाऱ्या मोटरी ब्रशलेसच. २००० च्या आसपास हौशी विमानवाल्यांनी टाकाऊ सीडी-ड्राइव्ह फोडून त्यातली मोटर काढली, जाड तारेने पुन्हा गुंडाळली, नवे चुंबक चिकटवले आणि तिच्यावर विमानं उडवली.

बॅटरी आली दुसऱ्या घरातून. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बाजारात आणली. पुढे अमेरिकेत बेलकोरच्या प्रयोगशाळेने द्रवाऐवजी जेलसारखा प्लास्टिकचा थर वापरणारा सेल विकसित केला. धातूच्या डबीऐवजी पातळ पाकीट चालू लागलं आणि चपटे मोबाइल बनवणाऱ्यांना ते हवंच होतं. मॉडेलवाल्यांना त्यातलं वजन दिसलं. सुरुवातीचे सेल नाजूक होते. क्षमतेच्या मोजक्या पटींपलीकडे करंट मागितला की माना टाकायचे. म्हणून ते आधी हलक्या, संथ विमानांत गेले.

ब्रशलेस मोटरही गाड्यांकडे आली ती उशिरानेच. चुंबक आत्ता कुठे आहे हे साधा ब्रशलेस कंट्रोलर फिरत्या मोटरमध्ये उलट तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखतो. थांबलेल्या मोटरमध्ये ते नसतंच. विमानाचा पंखा हवेत सहज गती घेतो, त्यामुळे अडत नाही. गाडीला मात्र उभ्या जागेवरून वजन ओढायचं असतं. ती हिसके देत अडखळते. म्हणून शर्यतीच्या गाड्यांसाठी मोटरच्या आत सेन्सर आणि बाहेर बारीक तारांची आणखी एक जुडी आली.

२००० च्या दशकाच्या मध्यावर दोन्ही घराणी गाडीत एकत्र आली आणि तिथे तो ७.४ चा आकडा कामी आला. सब-सी पॅकच्याच लांबी-रुंदीच्या कडक प्लास्टिकच्या डबीत दोन सेल घातले, की जुन्या चॅसिला काही करावं लागत नसे. पण दोनाचे तीन, चार, सहा सेल सहज करता येतात हे कळल्यावर ७.२ ची बेडी गळून पडली. बॅटरी बदलती झाली, आणि जुळवणीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मला.

वेढ्यांऐवजी आता केव्ही पाहायचा : विनाभार मोटर दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे घेते ते. ३५०० केव्हीची मोटर पूर्ण भरलेल्या दोन सेलांवर, म्हणजे ८.४ व्होल्टवर, २९,४०० फेरे घेते, तीनवर ४४,१००, चारवर ५८,८००. मोटरची मर्यादा ५०,००० असेल तर चौथा सेल तिच्या मुळावर येतो. दुसरा आकडा सी : पॅक आपल्या क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकतो ते. ५००० एमएएचचा ३० सी पॅक कागदावर १५० अँपिअर देतो. पाकिटावरचा सी फुगवलेला असू शकतो, म्हणून जाणकार अंतर्गत रोध मोजतात. रोध १५ मिलिओहम असेल तर ६० अँपिअरला पॅकचं ०.९ व्होल्ट आतच खर्ची पडतं आणि ५४ वॅट नुसती उष्णता होते.

इथेच जुन्या सवयीचा घात होतो. वेग हवा म्हणून जास्त केव्हीची मोटर घेणं म्हणजे कमी वेढ्यांच्या मोटरचाच वारसा. पण तेवढीच शक्ती दुप्पट व्होल्टेजवर घेतली तर करंट निम्मा लागतो, आणि तारांत, कंट्रोलरमध्ये, जोडांत वाया जाणारी उष्णता एक चतुर्थांशावर येते. म्हणून जड गाडीला जास्त सेल आणि कमी केव्ही.

नव्या जोडीने जुनं सामानही उघडं पाडलं. तामियाचा पांढरा प्लास्टिकचा कनेक्टर मोठ्या करंटला तापून वितळू लागला. त्याच्या जागी डीन्स आणि पुढे पिवळे एक्सटी-६० आले. निकेलचा पॅक पार उतरेपर्यंत गाडी पळवली तरी चाले. लायपोचा सेल भाराखाली ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा दुखावतो, फुगतो. म्हणून वेळीच मोटरची वीज तोडणारा कंट्रोलर आणि प्रत्येक सेल समान भरणारा चार्जर ही आता हौस उरली नाही, गरज झाली.

ड्रोन ही याच जोडीची पुढची पिढी. चार मोटरी क्षणोक्षणी वेगवेगळ्या वेगाने फिरवून तोल साधणं, तेही परवडणाऱ्या वजनात, या संयोगाने शक्य झालं. ‘३ इडियट्स’मध्ये वसतिगृहाच्या खिडकीशी उडणारं यंत्र आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी उभारलेल्या आयडियाफोर्ज या कंपनीचं होतं. छंदातली जुळवणी आता शेतात फवारणी करणाऱ्या यंत्रांचाही हिशेब झाली आहे.

म्हणून नवी गाडी जुळवताना क्रम उलटा धरावा. आधी गाडीचं वजन आणि चाकाचा घेर पाहावा, मग सेल किती ते ठरवावं, त्यावरून केव्ही आणि सगळ्यात शेवटी सी. मोटर आधी विकत घेऊन तिला बॅटरी शोधत बसणारा अजून सहा सेलांच्याच काळात आहे.