सरयूत बुडालेल्या वह्या

कुमाऊंचा शेतकरी डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते बांधून नाचणी व भात पिकवी. परंतु इंग्रजी अमलात साहेबाचा दौरा निघाला, की पेरणी असो वा कापणी, हातचे काम टाकून त्याचे ओझे वाहणे त्यास भाग पडे. हीच ‘कुली-बेगार’. कोणाची पाळी केव्हा, हे गावच्या प्रधानाच्या वहीत नोंदलेले असे. जानेवारी १९२१ मध्ये, संक्रांतीच्या उत्तरायणी जत्रेत, बागेश्वरी हजारो शेतकरी जमले. बद्रीदत्त पांडे यांच्या आवाहनावरून त्यांनी सरयूचे पाणी हाती घेऊन बेगार न करण्याची शपथ घेतली आणि त्या वह्या सरयू-गोमतीच्या संगमात सोडून दिल्या. पुढे सरकारास ती प्रथा बंद करावी लागली. पेरणीचे दिवस पुन्हा शेतकऱ्याचे झाले.