वानरं, करणी आणि आपला झिरो माईल

“मराठीत गणित नाही होत हो भाऊ.” सेमी इंग्रजीचा विषय निघाला की नागपुरात हे वाक्य ऐकू येतंच. दुसऱ्या बाजूला व्हॉट्सअ‍ॅपवाले आहेत, त्यांच्या मते जगातलं सगळं गणित आपल्याच पूर्वजांनी शोधलं. नववीच्या बालभारतीतला ‘वास्तव संख्या’ हा धडा दोन्ही मंडळींनी एकदा वाचावा, असं मला फार वाटतं.

त्यात संख्यांच्या जाती सांगितल्या आहेत. उदाहरणाला आपला सिव्हिल लाइन्सचा झिरो माईलच घ्या. तिथल्या दगडावर गावांची अंतरं आहेत, हैदराबाद ३१८ मैल, शिवनी ७९ मैल. हे पूर्णांक. त्याच ठिकाणची १९०७ च्या सर्वेक्षणातली उंची आहे १०२०.१७१ फूट. हा पूर्णांक नाही, पण १०२०१७१ भागिले १००० असा लिहिता येतो, म्हणून परिमेय. आता एक मैल बाजूचा चौरस काढा. त्याचा कर्ण किती? दोनाचं वर्गमूळ. ते दोन पूर्णांकांच्या भागाकारात कधीच बसत नाही, म्हणून अपरिमेय. या सगळ्या मिळून वास्तव संख्या.

पुस्तकात हे अर्ध्या पानात होतं. प्रत्यक्षात एकेका संख्येला आत यायला शेकडो वर्षं लागली, आणि या कामात आपल्याकडची माणसं होती.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यांच्या ‘बीजगणिता’त वानरांचं एक कोडं आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून वर्ग केला तेवढी वानरं गुहेत गेली, एक झाडावर दिसतंय, तर एकूण किती? उत्तरं दोन निघतात, ५० आणि ५. पाच धरले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले, उरले ऋण दोन. त्याचा वर्ग चार, अधिक एक, पाच. हिशेब चोख! तरी भास्कराचार्य हे उत्तर घेत नाहीत. कारण देतात की ऋण संख्या अशी समोर आली तर लोकांना ती पटत नाही. एवढा मोठा गणिती, आणि लोकांचा विचार करतोय. मला हे फार आवडतं.

ही ऋण संख्या समजावून सांगायचं काम साधारण चारशे वर्षांपूर्वी कृष्ण दैवज्ञांनी केलं. हे घराणं मूळचं विदर्भातलं, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचं, पुढे काशीला गेलेलं. ‘बीजगणिता’वरच्या टीकेत ते म्हणतात, ऋणपण तीन तऱ्हांचं असतं: स्थळाचं, काळाचं आणि वस्तूचं. पूर्वेला जाणं धन मानलं तर पश्चिमेला जाणं ऋण. म्हणजे एक गाव शून्य धरायचं आणि दोन्हीकडे मोजायचं. झिरो माईलवर उभं राहून भंडाऱ्याकडे अधिक आणि वर्ध्याकडे उणे म्हणा, झाली संख्यारेषा!

आता करणी. शुल्बसूत्रांत द्विकरणी म्हणजे दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी दोरी, अर्थात दोनाचं वर्गमूळ. तिथे तिची किंमत येते ५७७ भागिले ४०८. पडताळा बघा: ५७७ चा वर्ग ३३२९२९, आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. फक्त एकाचा फरक! भास्कराचार्य तर करणींची बेरीज-वजाबाकी शिकवतात. दोनाची आणि आठाची करणी मिळून अठराची करणी होते. तीन आणि साताची मात्र एकत्र होत नाही, वेगळीच ठेवावी लागते. नववीची पोरं आज हेच करतात. मात्र हा फरक एकावरून शून्यावर कधीच येणार नाही, याची सिद्धता ग्रीकांनी दिली. हे मान्य करायला लाज कसली? आणि वास्तव संख्यांचा पाया पक्का केला जर्मनीच्या डेडेकिंडनं, १८७२ मध्ये.

माझा मुद्दा शब्दाचा आहे. सेमीचं पोरगं ‘सर्ड’ पाठ करतं. तो शब्द लॅटिनमधल्या ‘बहिरा’वरून आलाय. त्यातून त्या पोराला काय समजणार? ‘करणी’ म्हणजे करणारी दोरी, शब्दातच रीत आहे. हा शब्द आपल्या छापील पाठ्यपुस्तकात अजून जिवंत आहे, पण तो वाचणारे वर्ग कमी होत चालले आहेत. इंग्रजी शिकवा, जरूर शिकवा. मराठी शब्द निदान फळ्यावर शेजारी तरी लिहा.

चाळीसगावजवळ पाटणादेवीला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याची ही नोंद. शेवटचा भाग चक्क मराठीत आहे, आणि त्यात मठाचा खर्च कसा चालायचा ते लिहिलंय: बाजारातल्या मालावरचा सरकारी वाटा आणि घाण्यावरचं पळीपळी तेल. गणिताच्या शाळेला गावचा बाजार पोसत होता.

तुमच्या गावच्या शाळेत गणिताचे मास्तर आहेत का, आणि ते ‘करणी’ म्हणतात की ‘सर्ड’? गावाच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. यादी करून पुढच्या आठवड्यात इथेच टाकतो.