छप्पन्न गुणांपासून पुढे

रंगाचा रिकामा डबा टाकून देण्याआधी त्यावरच्या मजकुराचा फोटो काढून ठेवायचा, हे मला साइटवर बारा वर्षं काढल्यानंतर कळलं. मी पुण्यातली सिव्हिल इंजिनिअर. ज्या गृहप्रकल्पावर होते त्याला हरित मानांकन घ्यायचं ठरलं, कागदपत्रं माझ्याकडे आली आणि त्या निमित्ताने मी इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलच्या, म्हणजे आयजीबीसीच्या, पुण्यातल्या बैठकांना जाऊ लागले. गच्चीवर सोलर, आवारात झाडं, की झाली इमारत हरित, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात रंगातून किती रसायनं हवेत उडावीत यालाही मर्यादा असते, आणि आपण त्या मर्यादेतलाच रंग लावला हे आपणच दाखवून द्यायचं असतं. विटेत फ्लाय अ‍ॅश किती, लाकूड कुठलं, राडारोडा कुठे गेला, सगळ्याचं चलन लागतं. पहिले दोन महिने मी नुसती चलनं गोळा करत होते. हळूहळू उमगलं की या चलनांमागे एका चळवळीची वाटचाल आहे, आणि ती समजल्याशिवाय गुणांचा तक्ता समजणार नाही.

इमारतींना असं मानांकन देण्याची पहिली पद्धत ब्रिटनची. 1990 साली तिथे ‘ब्रीअ‍ॅम’ सुरू झाली. अमेरिकेत 1993 साली यूएस ग्रीन बिल्डिंग कौन्सिल ही ना-नफा संस्था तिघांनी उभी केली. डेव्हिड गॉटफ्रीड बांधकाम व्यवसायातले, माइक इटालियानो पर्यावरणाच्या कायद्याचे वकील आणि रिक फेड्रिझी ‘कॅरिअर’ या वातानुकूलन कंपनीतले. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या वास्तुविशारद संस्थेच्या सभागृहात साठेक कंपन्या आणि संस्थांची माणसं जमली. माल बनवणारा, नकाशा काढणारा, पैसा घालणारा आणि निसर्गासाठी भांडणारा अशी चारही माणसं एका टेबलाशी बसवायची, ही मला या संस्थेची सर्वांत मोलाची कल्पना वाटते. ‘लीड’ ही गुणपद्धती घडवणाऱ्या समितीचे प्रमुख रॉब वॉटसन हे एका पर्यावरण संघटनेतून आलेले होते. 1998 साली ‘लीड’ मोजक्या इमारतींवर आजमावली गेली आणि 2000 साली सर्वांसाठी खुली झाली.

भारतात आयजीबीसी 2001 साली भारतीय उद्योग महासंघाच्या छत्राखाली स्थापन झाली. भाषणं आणि पुस्तिकांच्या आधी तिच्याकडे एक इमारत होती, आणि माझ्या मते तिथेच तिने बाजी मारली. हैदराबादचं सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर. वास्तुविशारद करण ग्रोव्हर यांनी मधल्या अंगणाभोवती ती गोलाकार बांधली. बाहेरून जाळीच्या भिंती, हवा गार करून आत सोडणारे दोन पवन-मनोरे, छपरावर माती आणि हिरवळ, सांडपाणी वनस्पतींच्या मुळांतून गाळून पुन्हा बागेला. यातलं अंगण, जाळी, वाऱ्याची वाट आपल्या वाड्यांना आणि हवेल्यांना ठाऊक होतंच. नवं होतं ते मोजणं. त्या वेळी ‘लीड’मध्ये 69 पैकी 52 गुणांना प्लॅटिनम मिळे. या इमारतीला 2003 साली 56 मिळाले, आणि अमेरिकेबाहेरची ती पहिली प्लॅटिनम इमारत ठरली. 14 जुलै 2004 रोजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी तिचं उद्घाटन केलं. जेमतेम वीस हजार चौरस फुटांची ही वास्तू. पण पुढे कुणी ‘आपल्या हवेत हे जमत नाही’ म्हटलं, की त्याला हैदराबादला नेऊन दाखवता येऊ लागलं.

आता गुणांविषयी. तक्त्यात दोन खाती असतात. एक अनिवार्य अटींचं. त्यांना गुण नाहीत, पण एक जरी चुकली तरी मानांकन गेलं. दुसरं ऐच्छिक गुणांचं. जागा, पाणी, ऊर्जा, साहित्य, आतली हवा यांतून जमतील तसे गुण गोळा करायचे. पाण्याचा हिशेब मला चटकन कळला. नळातून मिनिटाला किती लिटर, फ्लशला किती लिटर, माणसं किती, गुणाकार करा. ऊर्जेचा हिशेब कळायला मात्र वेळ लागला. संगणकावर आपल्या इमारतीची एक कल्पित जुळी बहीण उभी करतात. आकार तोच, भिंती-काचा-यंत्रं मात्र संहितेने सांगितलेल्या किमान दर्जाची. दोघींना वर्षभर त्याच उन्हात ठेवायचं आणि आपली किती कमी वीज खाते ते पाहायचं. म्हणजे जाहिरातीतली ‘तीस टक्के बचत’ ही गेल्या वर्षीच्या बिलापेक्षा नसते. ती त्या न बांधलेल्या बहिणीपेक्षा असते. घर घेणाऱ्या कुणालाही हे कुणी समजावून सांगत नाही, आणि ते सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

याच ठिकाणी अमेरिकेतल्या मूळ संस्थेचीही कसोटी लागली. 2008 साली न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या 121 ‘लीड’ इमारतींची खरी बिलं तपासली. सरासरी चांगली निघाली. सर्वसाधारण इमारतींपेक्षा पाव हिश्श्याहून अधिक ऊर्जा वाचत होती. पण एकेक इमारत पाहिली, तर अनेकींचा खरा वापर आधीच्या अंदाजापासून बराच दूर होता, कुठे कमी, कुठे जास्त. 2010 साली हेन्री गिफर्ड या न्यूयॉर्कच्या ऊर्जा तज्ज्ञाने संस्थेवर दावाच लावला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो फेटाळला, पण प्रश्न मिटला नाही. संस्थेने त्याकडे पाठ फिरवली नाही याचा मला आदर वाटतो. 2009 च्या आवृत्तीपासून मानांकित इमारतीने पाच वर्षं वीज-पाण्याची आकडेवारी द्यायची अट आली. त्याआधी 2008 मध्येच जीबीसीआय ही दुसरी संस्था निघाली होती, आणि प्रमाणपत्र देण्याचं काम नियम लिहिणाऱ्या संस्थेपासून वेगळं काढून तिच्याकडे सोपवलं गेलं. अभ्यासक्रम ठरवणारा आणि पेपर तपासणारा वेगळा असावा, इतकी साधी गोष्ट. संस्था पंधरा वर्षांची झाल्यावर ती घडली.

आपल्याकडे वाटा फुटल्या. 2007 साली केंद्र सरकारने ‘टेरी’ या संशोधन संस्थेच्या साथीने घडवलेली ‘गृह’ पद्धत राष्ट्रीय मानांकन म्हणून स्वीकारली. तिच्यात पदकांऐवजी एक ते पाच तारे असतात. त्याच वर्षी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आली. आयजीबीसीने 2008 मध्ये खास घरांसाठी स्वतःची पद्धत आणली, आणि माझ्या प्रकल्पाचा तक्ता त्याच घराण्यातला. पुण्यात हडपसरला ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी ‘सुझलॉन वन अर्थ’ बांधलं, त्याला ‘लीड’ प्लॅटिनम आणि ‘गृह’चे पाच तारे दोन्ही मिळाले. माझ्यासारख्या कित्येकांनी पहिली हरित इमारत आतून पाहिली ती हीच.

मग शासनाने या कागदाला किंमत दिली. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत सिल्व्हरला 3, गोल्डला 5 आणि प्लॅटिनमला 7 टक्के वाढीव एफएसआय, म्हणजे तितकं जास्त बांधकाम करायची मुभा, मिळते. त्यामुळे मानांकन मागणाऱ्यांची रांग वाढली, हे चांगलंच. पण एफएसआय बांधकामाच्या वेळी पदरात पडतो आणि सांडपाणी प्रकल्प त्यानंतर तीस वर्षं चालवायचा असतो. बैठकीत मी हे पहिल्यांदा बोलले, तेव्हा एका ज्येष्ठ वास्तुविशारदाने मला विचारलं, “तुमच्या आधीच्या इमारतीत कधी परत गेलात?”

मी गेले नव्हते. पुढच्या रविवारी गेले. मानांकनाची चौकट लिफ्टशेजारी लावलेली होती. सांडपाणी प्रकल्पाच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली शोधून सेक्रेटरीकाकांनी दार उघडलं, तर पंप बंद. चालवायचा कसा हे सोसायटीला ताबा देताना कुणी दाखवलंच नव्हतं, आणि ते सांगणारी नोंदवही तयार करण्याचं काम त्या वेळी माझंच होतं. मी ती फाइलसाठी भरली होती, माणसांसाठी नाही.

आम्ही दोघांनी त्या दिवशी पंपाचा माणूस बोलावला. दोन शनिवार मी सुपरवायझर आणि वॉचमनला व्हॉल्व्ह दाखवण्यात घालवले, चारही व्हॉल्व्हना रंगाने आकडे घातले. आता खोलीच्या दारामागे एक वही लटकते. तारीख, टँकर किती, बागेला पुनर्वापराचं पाणी किती, सामाईक मीटरचं रीडिंग. महिन्याच्या एक तारखेला काका त्या पानाचा फोटो मला पाठवतात. गेल्या महिन्यात टँकरच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं होतं आणि खाली दोनदा रेघ मारली होती.