पंधरा दिवसांसाठी सोडलेलं गाव : इक्रित

१९४८ म्हटलं की आपण आकड्यांपासून सुरुवात करतो. सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी बेघर झाले, चारशेहून जास्त गावं ओस पडली. पण इतक्या मोठ्या आकड्यात माणसं दिसत नाहीत. म्हणून आज मी एकच गाव घेतोय. नाव इक्रित.

लेबनॉनच्या सीमेजवळ, गॅलिलीच्या डोंगराळ भागातलं हे छोटंसं गाव. वस्ती पाचशेच्या आत, बहुतेक सगळे ग्रीक कॅथलिक ख्रिश्चन. अरबी बोलणारे शेतकरी. टेकडीवर चर्च, उतारावर दगडी घरं.

३१ ऑक्टोबर १९४८ ला इस्रायली सैन्य गावात आलं. लढाई झालीच नाही, गावाने शरणागती पत्करली. काही दिवसांनी सैन्याने सांगितलं, सीमेवर धोका आहे, पंधरा दिवस बाहेर राहा, मग परत या. लोकांना ट्रकमध्ये बसवून दक्षिणेकडच्या रामे गावात नेलं. पंधरा दिवसांसाठी माणूस काय घेऊन निघेल? थोडे कपडे, थोडं धान्य.

ते पंधरा दिवस कधी संपलेच नाहीत.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इक्रितचं वेगळेपण हेच आहे. ही माणसं सीमेपलीकडे गेलेली नव्हती. ती इस्रायलचीच नागरिक झाली, आपल्या शेतापासून काही तासांच्या अंतरावर. त्यामुळे त्यांनी जे केलं ते कुठलाही नागरिक करेल तेच. ते कोर्टात गेले. आणि जिंकले! ३१ जुलै १९५१ ला इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गाव रिकामं करण्याचा रीतसर हुकूम निघालेलाच नाही, त्यामुळे यांना परत जाऊ द्या.

मग काय झालं? सैन्याने तो राहून गेलेला रीतसर हुकूम काढला. नंतर, गावकरी तीन वर्षं बाहेर असताना! मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. निकाल धुडकावला असंही म्हणता येत नाही, कारण कागद पूर्ण केला ना.

गावकरी पुन्हा कोर्टात गेले. सुनावणी फेब्रुवारी १९५२ मध्ये होणार होती. त्याआधीच, १९५१ च्या नाताळात, सैन्याने सुरुंग लावून घरं उडवून दिली. ख्रिश्चन गाव, आणि दिवस नाताळचा. चर्च तेवढं उभं राहिलं. पुढे १९५३ च्या कायद्याखाली जमीनही सरकारजमा झाली.

पुढची पन्नास वर्षं थोडक्यात सांगतो. १९७२ मध्ये गोल्डा मेयर सरकारने परतीला नकार दिला, तेव्हा आर्चबिशप जोसेफ राया यांनी मोठं आंदोलन उभारलं, त्यात ज्यू नागरिकही होते. नव्वदच्या दशकात सरकारी समितीने मर्यादित परतीची शिफारस केली, ती कागदावरच राहिली. २००३ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. सरकारचा मुद्दा असा की यांना परत येऊ दिलं तर उद्या बाकीचे लाखो निर्वासितही हेच मागतील. म्हणजे नकाराचं कारण इक्रितच्या लोकांनी केलेलं काहीच नव्हतं.

एक परवानगी मात्र सत्तरच्या दशकापासून मिळाली, गावच्या स्मशानभूमीत दफन करण्याची. आजी-आजोबा हयातभर रामे किंवा हैफाला राहतात आणि शेवटी इक्रितला येतात. चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रार्थनाही होते.

२०१२ च्या उन्हाळ्यात तिसऱ्या पिढीतल्या काही पोरांनी ठरवलं की मेल्यावर कशाला, आत्ताच जाऊ. चर्चच्या शेजारच्या खोलीत गाद्या टाकून आळीपाळीने राहायला लागले. नोकरी, कॉलेज सांभाळून, तुमच्याच वयाची मुलं. नवीन काही बांधायला मनाई. झाडं लावली, ती अधिकाऱ्यांनी उपटली. २०१४ मध्ये सामानही उचलून नेलं.

शेजारच्या कफर बिरिमचीही अशीच कथा आहे, फक्त ते गाव १९५३ मध्ये विमानातून बॉम्ब टाकून पाडलं आणि गावकऱ्यांनी ते समोरच्या टेकडीवरून पाहिलं. त्याबद्दल पुढच्या भागात बोलू.