भूल देताना श्वासवायूचे आर्द्रीकरण

संपूर्ण भूल दिलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत जाणारा वायू शरीराच्या तापमानाजवळ आणणे आणि त्यात पुरेशी पाण्याची वाफ मिसळणे, या क्रियेस श्वासवायूचे आर्द्रीकरण म्हणतात. एरवी हे काम नाक करते. श्वासनळीत नळी टाकली की नाक वगळले जाते आणि यंत्रातून येणारा गार, कोरडा वायू थेट श्वासनळीच्या अस्तराला लागतो. नाकाची ही उणीव भरून काढणे हा भूलतज्ज्ञाच्या कामाचा भाग आहे.

नाक किती काम करते, याची कल्पना जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या डोंगरावर हिवाळ्यात येते. डिसेंबर-जानेवारीत जुन्नर परिसरात पहाटेचा पारा १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरतो. त्या वेळी गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनाला सुमारे तीनशे पायऱ्या चढणाऱ्या भाविकाच्या नाकात शिरणारी हवा धुक्याने भिजलेली वाटली, तरी तिच्या एका लिटरात वाफेच्या रूपाने जेमतेम ९ मिलिग्रॅम पाणी मावते. तीच हवा श्वासनळी दुभागते त्याच्या थोडे खाली पोचते तेव्हा ३७ अंशांची आणि लिटरमागे ४४ मिलिग्रॅम वाफेने पूर्ण भरलेली असते. मधले ३५ मिलिग्रॅम पाणी नाक, घसा आणि श्वासनळी यांच्या अस्तराने दिलेले असते. चढताना दम लागून तोंडाने श्वास सुरू झाला की घसा कोरडा पडतो, कारण या कामातला नाकाचा वाटा सुटतो. उच्छ्वास बाहेर पडताना नाकाच्या गार झालेल्या अस्तरावरून जातो आणि त्यातले काही पाणी तिथेच उतरते. पुढच्या श्वासाला ते पुन्हा उपयोगी पडते. पुढे वर्णन केलेले सर्वांत सोपे उपकरण याच देवाणघेवाणीवर चालते.

वैद्यकीय वायू मुद्दाम कोरडे ठेवलेले असतात. सिलिंडरमधला दाबाखालचा वायू झडपेतून बाहेर पडताना प्रसरण पावून एकदम गार होतो. त्यात पाण्याचा अंश राहिला तर झडपेत बर्फ धरून वायूचा प्रवाह थांबू शकतो. त्यामुळे पांढऱ्या खांद्याच्या काळ्या सिलिंडरमधला ऑक्सिजन असो वा निळ्या सिलिंडरमधला नायट्रस ऑक्साइड, भूल यंत्रात तो जवळजवळ शून्य आर्द्रतेने शिरतो.

श्वासनळीच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांसारख्या पक्ष्माभिका असतात. त्या सतत हलत राहून धूळ आणि जंतू अडकलेला कफ घशाकडे ढकलतात. कफात बहुतांश पाणीच असते. कोरडा वायू हे पाणी शोषून घेतो, कफ चिकट होतो, पक्ष्माभिकांची हालचाल मंदावते आणि पुढे थांबते. चॅलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये कोरड्या भूलवायूंचा श्वासमार्गाच्या पेशींवर होणारा परिणाम तपासला; काही तासांच्या कोरड्या वायूने या पेशींना इजा होते आणि वायू दमट केल्यास ती टळते, असे त्यात दिसले. अर्ध्या तासाच्या शस्त्रक्रियेत निरोगी माणसाला याचा फारसा त्रास होत नाही. तीन-चार तासांच्या शस्त्रक्रियेत, आणि आधीपासून दमा, जुनाट खोकला किंवा विडी-सिगारेटची सवय असलेल्या रुग्णात, हे दुर्लक्षून चालत नाही. वाळलेला कफ छोट्या श्वासनलिका बुजवतो, फुप्फुसाचा तेवढा भाग मिटतो आणि शस्त्रक्रियेनंतर ताप-खोकला मागे लागतो. तान्ह्या मुलांत धोका आणखी वेगळा आहे. त्यांच्या नळीचा आतला व्यास तीन-साडेतीन मिलिमीटर असतो. कफाची एक वाळलेली गुठळी तेवढी वाट बंद करायला पुरते.

आर्द्रीकरणाने रुग्ण गार पडत नाही, अशी एक समजूत आहे. तिला मर्यादा आहे. मिनिटाला ६ लिटर पूर्ण कोरडा वायू घेणाऱ्या प्रौढाच्या श्वासमार्गातून तासाला सुमारे १६ ग्रॅम पाण्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५८० कॅलरींच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे तासाला नऊ किलोकॅलरींच्या जवळपास, शरीर तयार करते त्या उष्णतेच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी. नुसता वायू तापवायला लागणारी उष्णता याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच असते. त्यामुळे वाफ न मिसळता वायू नुसता गरम करण्यात अर्थ नाही. भूल दिल्यावर पहिल्या तासात शरीराचे आतले तापमान १ ते १.५ अंशाने उतरते ते मुख्यतः दुसऱ्या कारणाने: त्वचेच्या व हातापायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि मध्यभागाची ऊब तिकडे पसरते. ही घट थांबवण्यासाठी अंगावर गरम हवेचे पांघरूण, कोमट सलाइन आणि शस्त्रक्रियागृहाचे तापमान यांकडेच पाहावे लागते. आर्द्रीकरणाचे खरे मोल फुप्फुसे जपण्यात आहे.

साधनांपैकी पहिले साधन यंत्रातच असते. वर्तुळाकार श्वासमार्गात, म्हणजे सर्कल सर्किटमध्ये, उच्छ्वासातला कार्बन डाय-ऑक्साइड सोडालाइम नावाचे रसायन शोषून घेते. या रासायनिक क्रियेत उष्णता आणि पाणी दोन्ही तयार होतात. सोडालाइमचा डबा हाताला गरम लागतो आणि त्याच्या आतल्या बाजूवर थेंब दिसतात. ताज्या वायूचा प्रवाह मिनिटाला एक लिटर किंवा त्याखाली ठेवला, तर हाच दमट वायू रुग्णाकडे परत परत जातो आणि भूलद्रव्याचीही बचत होते. मात्र पुरेशी आर्द्रता जमायला तास-दीड तास जातो. उलट, रात्रभर किंवा सुट्टीच्या दिवसांत ऑक्सिजन चालू राहिला तर सोडालाइम पार वाळते. अशा वाळलेल्या सोडालाइमशी डेस्फ्लुरेन या भूलद्रव्याची क्रिया होऊन विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. दिवसाचे काम संपल्यावर वायूचे नॉब बंद झाले का, हे पाहण्याचे हेही एक कारण आहे.

१९७२ मध्ये पुढे आलेले बेन सर्किट आपल्याकडे बरीच वर्षे लोकप्रिय आहे. ते हलके आणि स्वस्त आहे, त्यात झडपांची गुंतागुंत नाही. पण त्याला ताज्या वायूचा मोठा प्रवाह लागतो आणि सोडालाइम नसते. बाहेरच्या नळीतला उच्छ्वास आतल्या नळीला थोडी ऊब देतो, एवढाच आधार. बेन सर्किटवर लांबणारी शस्त्रक्रिया करायची तर स्वतंत्र आर्द्रीकरण हवेच.

त्यासाठी सर्वांत सोयीचे साधन म्हणजे एचएमई फिल्टर, म्हणजे उष्णता आणि ओलावा राखणारी डबी. नळी आणि सर्किट यांच्यामध्ये ती बसवतात. आत क्षार लावलेला कागद किंवा स्पंज असतो. उच्छ्वासातली वाफ त्यावर साठते आणि पुढच्या श्वासात परत जाते. स्वीडनमध्ये आरंभी वापरली गेल्याने तिला ‘स्वीडिश नाक’ असेही म्हणत. चांगली डबी लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास पाणी देते. तिला वीज लागत नाही, पाणी भरावे लागत नाही. जंतुरोधक फिल्टर जोडलेला प्रकार यंत्राला आणि पुढच्या रुग्णालाही संसर्गापासून वाचवतो. क्षयरोग असलेल्या प्रदेशात हा गुण फार मोठा आहे. दोष दोन. डबीतली रिकामी जागा लहान मुलाच्या श्वासाच्या मानाने जास्त ठरते, म्हणून मुलांसाठी वेगळे छोटे आकार घ्यावे लागतात. आणि रक्त किंवा दाट कफ अडकून डबी तुंबते. तेव्हा श्वासमार्गातला दाब चढतो, पिशवी दाबताना हाताला जड लागते आणि श्वासनलिका आकसल्याचा भास होतो. अशा वेळी औषध टोचण्याआधी डबी काढून पाहावी.

गरम पाण्यावरून वायू नेणारा विजेचा ह्युमिडिफायर लिटरमागे ४४ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे निसर्गाइतके पाणी देऊ शकतो. अतिदक्षता विभागात, नवजात बाळांत आणि फार लांबणाऱ्या शस्त्रक्रियांत तो योग्य ठरतो. नळ्यांत साचणारे पाणी, तापमान बिघडल्यास श्वासनळी भाजण्याची भीती आणि साचलेल्या पाण्यात वाढणारे जंतू ही त्याची किंमत. भांड्यात निर्जंतुक पाणीच घालावे. २०२१ मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले तेव्हा ऑक्सिजनच्या बुडबुडेवाल्या बाटलीतल्या नळाच्या पाण्याकडेही बोट दाखवले गेले. पुढे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही मोठी कारणे ठरली, तरी स्वच्छ पाण्याचा नियम त्यामुळे सैल होत नाही.

जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांत हा प्रश्न रोज सारखा उभा राहत नाही. ग्रामीण रुग्णालयातले सिझेरियन बहुधा पाठीत भूल देऊन होते. तिथे बाईचे नाक आपले काम करतच असते. केटामाइन हे भूलद्रव्य देऊन केलेल्या छोट्या शस्त्रक्रियेतही रुग्ण स्वतः खोलीतली हवा घेतो. जुन्या ओढ-पद्धतीच्या ईथर यंत्रांतही खोलीतली हवाच जात असे, तिच्यात निदान हवेचा मूळ ओलावा असे. नळी टाकून दिलेल्या लांबलचक भुलीसाठी रुग्ण पुण्याच्या ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात जातो. पण अपघाताचा किंवा पोट फुटल्याचा रुग्ण मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी रात्री येतो, तेव्हा वाट पाहायला सवड नसते. अशा प्रत्येक शस्त्रक्रियागृहात मोठ्यांच्या आणि मुलांच्या आकाराच्या एचएमई फिल्टरांचा साठा भूलद्रव्यांइतक्याच नेमाने ठेवला पाहिजे, आणि एका रुग्णाला वापरलेली डबी दुसऱ्याला लावता कामा नये.