खाडीमुखावरचा चिलापी

धारावी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीच्या मुखाशी वसलेले चौक गाव इतिहासग्रंथांत येते ते प्रामुख्याने 1739च्या वसई मोहिमेच्या निमित्ताने. परंतु या किनाऱ्याचे जीवन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते डोलीवर, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत बांधल्या जाणाऱ्या पिशवीसारख्या लांब जाळ्यावर, आणि तिच्यात येणाऱ्या बोंबील, जवळा, मांदेली यांवर. गावामागे भाईंदरपर्यंत पसरलेली खाजणे आणि मिठागरे हाही याच अर्थव्यवस्थेचा भाग होता, आणि परक्या माशाच्या आगमनाचा इतिहास पाहायचा तर नजर आधी याच मचूळ पट्ट्याकडे वळवावी लागते.

ठाणे-मुंबईच्या खाड्यांत आज आढळणारा चिलापी, म्हणजे मोझांबिक तिलापिया, हा मूळचा आग्नेय आफ्रिकेतील नद्यांचा व खाडीमुखांचा रहिवासी आहे. 1930च्या दशकाच्या अखेरीस तो जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका नदीमुखाशी मुजैर नावाच्या स्थानिकाला सापडला; तेथे तो कसा पोहोचला याची नोंद नसली, तरी शोभेच्या माशांच्या व्यापारातून आणलेले मासे कोणीतरी पाण्यात सोडले असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पुढे स्वस्त प्रथिनांच्या आशेने आशियाई देशांनी तो एकमेकांकडून घेतला आणि 1952 साली श्रीलंकेहून तो मंडपम येथे भारतात आणला गेला.

त्याच्या प्रसाराचे कारण त्याच्या शरीरधर्मात आहे. मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळत असल्याने शत्रूपासून त्यांचा बचाव होतो, काही महिन्यांतच मासा प्रजननक्षम होतो, आणि समुद्राइतक्या खारट पाण्यातही तो वाढतो व वीण घालतो. त्यामुळे गोड्या पाण्यातील बहुतेक माशांना अडवणारी खाऱ्या पाण्याची सीमा त्याला अडवू शकत नाही, आणि तळ्यातून नाल्यात, नाल्यातून खाजणात उतरण्याची वाट त्याला मोकळी राहते. तळ्यांत दाटी होऊन मासे खुरटे राहतात व इतर मत्स्यपालनाला बाधा येते, हे लक्षात आल्यावर 1959 साली मत्स्य संशोधन समितीने त्याच्या प्रसारावर बंदी घातली. पण तोवर मासा बंधाऱ्यांबाहेर पडलेला होता. बंदीचा हा निर्णय प्रयोगशाळा आणि तळी यांचा विचार करून घेतला गेला. बोय आणि जिताड्याची पिल्ले जिथे वाढतात त्या खाडीचा, किंवा त्यांवर जगणाऱ्या कोळ्यांचा विचार त्यात कुठे दिसत नाही, आणि या इतिहासातील सर्वांत गंभीर उणीव हीच आहे.