‘ल्यूपस’ : एका रोगनामाचे अर्थांतर

रोगाचे नाव बहुधा त्याच्या दर्शनी लक्षणावरून पडते. मराठीतील गजकर्ण, नागीण, हत्तीरोग ही नावे याच जातीची होत. लॅटिन ‘ल्यूपस’ म्हणजे लांडगा; संस्कृत ‘वृक’ हा त्याचा सगोत्र शब्द. चेहऱ्याचे मांस कुरतडणाऱ्या व्रणास हे नाव युरोपात दहाव्या शतकापासून दिलेले आढळते. परंतु या एका नावाखाली भिन्न रोग नांदत होते.

१८५१ मध्ये पॅरिसच्या काझनाव्ह यांनी ‘आरक्त ल्यूपस’ हा प्रकार निराळ्या नावाने नोंदविला. १८८२ मध्ये कोख यांना क्षयजंतूचा शोध लागल्यानंतर ‘सामान्य ल्यूपस’ हा त्वचेचा क्षय ठरला. फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मुख्यतः या त्वचाक्षयावरील प्रकाशोपचारासाठी.

आरक्त ल्यूपसचा प्रवास मात्र त्वचेवरून आत गेला. कापोसी यांनी १८७२ मध्ये ज्वर व सांधेदुखी यांची त्याच्याशी सांगड घातली. ऑस्लर यांनी १८९५ पासूनच्या लेखांत अंतरिंद्रियांच्या विकारांकडे लक्ष वेधले. लिबमन व सॅक्स यांनी १९२४ मध्ये हृदयाच्या झडपांवरील विकृती वर्णिली. १९४८ मध्ये हारग्रेव्हज यांना या रोगाची विशिष्ट पेशी आढळली. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वकीय पेशींवरच उलटते, हे पुढे स्पष्ट झाले. त्यायोगे गालांवर पुरळ येते, सांधे सुजतात, फुप्फुसावरणात पाणी साचते, मूत्रपिंडातून प्रथिने झिरपतात, रक्तपेशी घटतात. क्वचित आकडीही येते.

हा नामभेद केवळ कोशापुरता नाही. वानलेस यांनी मिरजेस १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. कुपवाडनजीकच्या वानलेसवाडीचे नाव तेथील क्षयरुग्णालयाशी निगडित आहे. अशा परिसरात दीर्घ ज्वर, कृशता आणि छातीत पाणी ही लक्षणे दिसताच क्षयाची शंका प्रथम यावी, हे स्वाभाविकच. परंतु ल्यूपसही याच रूपाने प्रकटतो. क्षयाच्या औषधांनी तो हटत नाही. उलट आयसोनियाझिड या क्षयावरील औषधाने काही रुग्णांत ल्यूपससदृश विकार उद्भवतो. ल्यूपसवरील स्टेरॉइडांमुळे सुप्त क्षय बळावण्याचा धोका असतो.

एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत नुसता ‘ल्यूपस’ आला, तर तो बहुधा त्वचेचा क्षय समजावा. आज त्याच शब्दाने सर्वांगव्यापी रोग अभिप्रेत असतो. म्हणून जुन्या वैद्यकीय नोंदी वाचताना व परिभाषा सिद्ध करताना या नावामागील विशेषण गाळणे इष्ट नव्हे.